दस्त जसा लिहिला तसाच उघडला पाहिजे

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यावर लेख आला होता. त्या राज्याने एप्रिल २०२४ मध्ये आपले तीस हजार सरकारी संगणक लिबरऑफिसवर, म्हणजे पत्रं, दस्त, तक्ते करायच्या मोफत सॉफ्टवेअरवर, नेण्याचं जाहीर केलं. महाराष्ट्रानेही हे का करू नये, असा लेखाचा सूर होता. वाचून आनंद झाला, कारण २०११ पासून माझं पोटापाण्याचं सगळं काम याच ऑफिसवर चालतं. पैसा वाचतो, एका कंपनीवर अवलंबून राहावं लागत नाही, हे सगळं लेखात होतं आणि ते खरंच आहे. पण माझ्या धंद्यात जो प्रश्न सगळ्यात आधी विचारावा लागतो, तो त्यात नव्हता. आज बसवलेली आवृत्ती किती दिवस चालणार, आणि तिच्या जागी दुसरी आली की माझी पानं जागेवर राहणार का?

मी वाईला दस्तलेखनाचं काम करते. तहसील कचेरीजवळ छोटं दुकान आहे. दोन संगणक, एक लेझर प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि कामाला एक मुलगी. आमचे अण्णा याच जागेवर बसून हाताने दस्त लिहायचे. पुढे मराठी टंकयंत्र आलं, त्यावर मी हात बसवला. अण्णांचा एक नेम होता. आधी साध्या कागदावर खर्डा करायचा, तो पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवायचा, ओळी मोजायच्या आणि मगच मुद्रांकाला हात लावायचा. मुद्रांकाच्या कागदावर खाडाखोड झाली की त्या प्रत्येक जागी सगळ्यांच्या सह्या घ्याव्या लागतात, आणि पुढे कोर्टात कुणी शंका काढली तर त्याच जागेवर बोट ठेवतात.

संगणक आला तेव्हा ओळी मोजायचं काम यंत्राकडे गेलं. मुद्रांकाच्या कागदाचा वरचा भाग छापील असतो, मजकूर त्याच्या खाली सुरू करावा लागतो. म्हणून प्रत्येक प्रकारच्या दस्ताचा मी एकेक साचा केला. वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, भाडेकरार, कुलमुखत्यारपत्र, साठेखत, चूकदुरुस्तीपत्र. वर किती जागा सोडायची, ‘लिहून देणार’ कुठे, ‘लिहून घेणार’ कुठे, चतुःसीमेचा तक्ता कोणत्या पानावर, साक्षीदारांच्या सह्या कुठे, हे सगळं त्यात बसवलेलं. असे एकेचाळीस साचे आहेत. नावं, गट नंबर, क्षेत्र भरलं की दस्त तयार होतो. वकील आणि पक्षकार माझ्याकडे येतात ते या साच्यांमुळे येतात.

२०१७ चा मार्च. आदल्या रात्री नवी आवृत्ती आल्याचं संगणकाने दाखवलं आणि मी ती दोन्ही संगणकांवर टाकली. ५.२ होती, ५.३ झाली. आकड्यातला फरक एवढासा, म्हणून मी काही तपासलं नाही. सकाळी तीन भाऊ वाटणीपत्रासाठी आले. थोरल्यांना सगळे आप्पा म्हणत होते, सत्तरीच्या घरातले. मधला पुण्याला नोकरीला, तो खास रजा काढून आलेला. बरीच वर्षं न बोललेले भाऊ त्या दिवशी एका बाकावर बसले होते. मी नेहमीचा साचा उघडला, नावं भरली, ०.४२ हेक्टर, ०.३८ हेक्टर अशी क्षेत्रं भरली, मुद्रांक प्रिंटरला लावला आणि छापलं.

पहिल्या पानाच्या तळाशी चतुःसीमेचा तक्ता पुरा बसायचा. तो त्या दिवशी फुटला. ‘पूर्वेस’, ‘पश्चिमेस’, ‘दक्षिणेस’ पहिल्या पानावर आणि ‘उत्तरेस’ दुसऱ्या. तिथून पुढचं सगळं खाली सरकलं आणि सह्यांच्या जागा तिसऱ्या पानावर एकट्या गेल्या. वर मजकुराची एक ओळ नाही, नुसतं ‘साक्षीदार १, साक्षीदार २’. असं पान कोणताही जाणता वकील मान्य करत नाही, कारण नुसत्या सह्यांचा कागद उद्या दुसऱ्याच कुठल्या दस्ताला जोडता येतो. माझं लक्ष जाईपर्यंत शेजारच्या संगणकावर मुलीने दोन भाडेकरार छापले होते. तेही तसेच.

आप्पांनी कागद हातात घेऊन विचारलं, “ताई, आता परत मुद्रांक काढायचा का?”

पैसे मी दिले, तो प्रश्न नव्हता. मुद्रांक पक्षकाराच्या नावाने, कारण लिहून, वहीत नोंद करून मिळतो. खराब झालेल्याचा परतावा मिळण्याची तरतूद आहे, पण शंभर रुपयांसाठी जिल्ह्याच्या कचेरीला खेटे कोण घालणार? त्या दिवशी मुद्रांक विक्रेता लवकर उठून गेला. मधला भाऊ संध्याकाळच्या एसटीने पुण्याला गेला. ते वाटणीपत्र झालं मे महिन्यात, आणि मधल्या दोन महिन्यांत तिघांची बोलणी पुन्हा एकदा मोडून जुळवावी लागली. त्या पत्रात माझा एक शब्द चुकला नव्हता. फक्त ओळ किंचित उंच झाली होती.

दोष मी कुणाला देत नाही. न तपासता आवृत्ती बदलली ती मी. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला होता, त्याने फोनवरून सांगितलं की जुन्या सगळ्या आवृत्त्या लिबरऑफिस करणाऱ्या संस्थेच्या संग्रहात जपून ठेवलेल्या असतात, कुणालाही उतरवून घेता येतात. दुपारपर्यंत ५.२ परत बसवली आणि पानं जागेवर आली. असा संग्रह उघडा ठेवणाऱ्यांविषयी मला त्या दिवसापासून फार आदर आहे.

मग मी हे समजून घ्यायला लागले. ५.३ मध्ये अक्षरं मांडणारी यंत्रणा बदलली होती. आधी विंडोजवर एक यंत्रणा, लिनक्स या मोफत प्रणालीवर दुसरी असं होतं, ५.३ पासून सगळीकडे हार्फबझ नावाची एकच यंत्रणा आली. आणि हा बदल मराठीसाठी चांगला होता! माझ्या दस्तांत ‘ता. कऱ्हाड’ रोज येतं. आधी माझ्याकडच्या काही फॉन्टांत त्यातला ऱ्ह तुटायचा, र चा रफार होऊन ह च्या डोक्यावर बसायचा. नंतर तो नीट दिसायला लागला. म्हणजे ज्या बदलाने माझे मुद्रांक गेले, त्याच बदलाने माझं कऱ्हाड सुधारलं. नवं येऊ नये असं मी म्हणूच शकत नाही. ते कोणत्या दिवशी यावं, हे मात्र माझ्या हातात असायला हवं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून सांगायला हव्यात, कारण लोक त्या एकच समजतात. फाइल उघडणं वेगळं आणि पान तसंच राहणं वेगळं. फाइल उघडण्याच्या बाबतीत हे ऑफिस भक्कम आहे. ओडीएफ हा त्याचा साठवणीचा प्रकार २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याची रचना सगळ्यांसाठी खुली आहे. मी सुरुवात केली ती या ऑफिसच्या मूळ रूपावर, ओपनऑफिसवर. जर्मनीतल्या एका कंपनीचं ते मूळ उत्पादन, सन मायक्रोसिस्टिम्सने घेतलं, २००० मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काम करणाऱ्यांपैकी बरेच जण बाहेर पडून त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था उभी केली आणि ऑफिसला लिबरऑफिस हे नाव दिलं. मालक बदलला, घर बदललं, नाव बदललं, तरी माझा त्या काळातला पहिला भाडेकरार आजही उघडतो. गेल्याच महिन्यात एक बाई बारा वर्षांपूर्वीच्या हक्कसोडपत्राची चूकदुरुस्ती करायला आल्या. फाइल शोधली, उघडली, काम झालं.

पण ओडीएफमध्ये मजकूर असतो, फॉन्टचं नाव, अंतरं, समास असतात. कोणती ओळ कुठे मोडायची हे त्यात नसतं. फाइल उघडताना दर वेळी ऑफिस तो हिशोब नव्याने करतं. हिशोबाची रीत बदलली की ओळ हलते. पत्र किंवा गोष्ट लिहिणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. मुद्रांकावर छापणाऱ्याला, शाळेच्या छापील दाखल्यात नावं भरणाऱ्याला, ग्रामपंचायतीचा ठराव एका पानात बसवणाऱ्याला पडतो.

आता मुदतीचं सांगते. लिबरऑफिसची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. २०२३ च्या ऑगस्टमधली ७.६ होती आणि पुढची एकदम २४.२ आली, तेव्हा दुकानातल्या मुलीने घाबरून विचारलं की मधल्या आवृत्त्या कुठे गेल्या. कुठे गेल्या नाहीत, आकडा लिहायची पद्धत बदलली, २४.२ म्हणजे २०२४ चा दुसरा महिना. हे चांगलं झालं, आता आकड्यावरूनच वय कळतं. प्रत्येक आवृत्तीची दुरुस्ती साधारण नऊ महिने होते. नवी आवृत्ती हौशी आणि जाणकार लोक आधी वापरतात, त्यातल्या अडचणी निघतात, पाच-सहा महिन्यांनी ती आमच्यासारख्यांनी घ्यावी इतकी पक्की होते. म्हणजे मी ती घेते तेव्हा तिच्या नऊ महिन्यांतले तीनेक उरलेले असतात. एकेचाळीस साचे साध्या कागदावर छापून, जुन्या छाप्यावर ठेवून उजेडात धरून तपासायला मला पाच-सहा दिवस लागतात. हे वर्षातून दोनदा करायचं, तर धंदा कधी करायचा?

मग जुनीच ठेवा, असं लोक सांगतात. मीही बराच काळ तसं केलं. पण माझ्या दुकानात दिवसाला पंधरा-वीस पेनड्राइव्ह लागतात. कुणाचा अर्ज, कुणाचा वकिलाने केलेला मसुदा, कुणाच्या मुलाने शहरातून पाठवलेली फाइल. २०१९ च्या सुरुवातीला लिबरऑफिसमधली एक धोक्याची जागा जाहीर झाली. दस्तातल्या दुव्यावर नुसता माउस नेला तरी त्यात लपवलेली आज्ञा चालू शकत होती. ६.०.७ आणि ६.१.३ मध्ये ती बुजवलेली होती. ज्यांनी ५.२ धरून ठेवली त्यांच्यासाठी ती कुणी बुजवली नाही, कारण त्या आवृत्तीची मुदत दीड वर्षापूर्वीच संपली होती. मी त्यांतली एक होते. माझ्या संगणकावर शेकडो लोकांचे आधार क्रमांक, जमिनींचे तपशील, कुटुंबांतली भांडणं आहेत. ते असं उघडं ठेवण्याचा मला अधिकार नाही.

कुणी म्हणतात, ओपनऑफिसच वापरा, ते बदलत नाही. मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या अपाची संस्थेकडे ते अजून आहे. २०१४ मध्ये त्याची ४.१ आली आणि आजही ४.१ चीच पुढची दुरुस्ती निघते. पण ते वर्डची डॉकएक्स फाइल उघडतं, त्या प्रकारात साठवत नाही, आणि मला वकिलांना तीच द्यावी लागते. शिवाय बदल थोडे होतात ते काम करणारे हात थोडे आहेत म्हणून. मला तसली स्थिरता नको.

मला हवी आहे ती गोष्ट जगात आहे. तिला संगणकवाले एलटीएस म्हणतात, म्हणजे दीर्घ मुदतीचा आधार. एक आवृत्ती ठरवायची, तिच्यात नवं काही घालायचं नाही, तीन किंवा पाच वर्षं तिच्यातली फक्त छिद्रं बुजवायची. घराला रंग द्या, गळती काढा, पण भिंत हलवू नका, एवढंच.

डेबियन हे लिनक्स असंच चालतं. २०२३ च्या जूनमध्ये डेबियन १२ आलं, त्यात लिबरऑफिस ७.४ होतं. त्याच जून महिन्यात मूळ संस्थेने ७.४ चं काम थांबवलं. पण डेबियनच्या लोकांनी ती आवृत्ती आपल्याकडे घेतली, आणि नव्या आवृत्त्यांत एखादी धोक्याची दुरुस्ती झाली की तेवढीच उचलून जुन्या ७.४ मध्ये बसवायची, असं ते करत आले आहेत. तीन वर्षं नेहमीची आणि पुढे दोन वर्षं वाढीव, म्हणजे २०२८ च्या जूनपर्यंत. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्याही पाच वर्षांच्या असतात. हे कळल्यावर मी माझा मुख्य संगणक डेबियनवर नेला. तेव्हा एकदा एकेचाळीस साचे तपासले, सहा दिवस दुकानाला दुपारनंतर कुलूप होतं. त्यानंतर आजपर्यंत एकही तक्ता फुटलेला नाही.

यात किती कष्ट आहेत हे मला भाच्याने एकदा शेजारी बसून दाखवलं. नव्या आवृत्तीत दुरुस्ती दहा ओळींची असते. पण जुन्या आवृत्तीत आजूबाजूचं सगळं वेगळं, म्हणून त्याच दहा ओळी तिथे जशाच्या तशा बसत नाहीत. बसवायच्या, तपासायच्या, दुसरं काही मोडलं नाही ना बघायचं. या कामाचं कुणी कौतुक करत नाही, कारण ते नीट झालं की काहीच दिसत नाही. अण्णांच्या ओळी मोजण्यासारखंच आहे हे. नऊ महिन्यांनी मूळ संस्था थांबते ती यामुळेच, तिच्याकडे तेवढे हात नाहीत. ती स्वतःच सांगते की मोठ्या कार्यालयांनी दीर्घ मुदतीची आवृत्ती पैसे देऊन घ्यावी. कोलाबोरासारख्या कंपन्या ती देतात, आणि लिबरऑफिसमधलं बरंचसं काम याच कंपन्यांच्या पगारी लोकांकडून होतं. म्हणजे मोठ्या कार्यालयांनी दिलेल्या पैशातून माझं फुकटचं ऑफिस सुधारतं. मला हे मान्य आहे, आणि त्याबद्दल कृतज्ञता आहे.

पण मग लिनक्स नसलेल्या लहान माणसाने काय करायचं? आमच्या तालुक्यात मी जिथे जिथे जाते, सेवा केंद्र, पतसंस्था, वाचनालय, शाळा, तिथे विंडोजच आहे, आणि तेही जुनं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेली लिबरऑफिस २५.८ विंडोज ७ आणि ८ वर चालतच नाही. विंडोज १० ची स्वतःची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. यात कुणाचा अन्याय आहे असं मी म्हणत नाही. ज्या विंडोज ७ ची दुरुस्ती तिच्या कंपनीनेच २०२० मध्ये थांबवली, तिचं ओझं स्वयंसेवकांनी किती वाहायचं? पण वाचनालयातल्या कार्यवाहांना यातलं काहीच सांगायला कुणी नसतं. ते जुनी आवृत्ती धरून बसतात, किंवा कुणीतरी येऊन परवाना नसलेलं दुसरं ऑफिस टाकून जातो. २०११ पूर्वी माझ्याकडेही तेच होतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

म्हणून आपल्या लेखाला माझी पुरवणी अशी. महाराष्ट्राने हे ऑफिस घ्यावं, जरूर घ्यावं. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण मार्च २०१५ पासून कागदावर आहे. पण घेताना नुसतं उतरवून बसवू नये. एक आवृत्ती निवडावी, ती पाच वर्षं सांभाळण्यासाठी कुणाला तरी पैसे द्यावेत, तिची मराठीत चाचणी करावी, आणि मग ती शाळांना, वाचनालयांना, माझ्यासारख्यांना मोफत द्यावी, विंडोजसाठीसुद्धा. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्स आणि हेच ऑफिस चालतं. तिथे काइट नावाची सरकारी संस्था उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर शाळांसाठी एकच संच करते, आणि शिक्षक त्याच संचावर शिकवतात. एका शाळेत एक आवृत्ती, दुसरीत दुसरी, असं होत नाही. ते चाललं ते फुकट मिळालं म्हणून नाही, सांभाळणारं कुणीतरी पगारावर बसवलं म्हणून.

म्युनिक शहराचं उदाहरण लोक उलट्या बाजूने देतात. तिथे पंधरा हजारांच्या आसपास संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये नगरपालिकेने परत विंडोजकडे जायचं ठरवलं. त्याची कारणं अनेक सांगितली गेली, राजकारणही होतं, त्यात मी शिरत नाही. मला त्यातली एकच गोष्ट जवळची वाटते. त्या लोकांनी आपल्या पत्रांच्या आणि फॉर्मांच्या साच्यांसाठी वोलमक्स नावाची स्वतंत्र व्यवस्था लिहिली आणि जगाला मोफत दिली. म्हणजे इतक्या मोठ्या शहरालाही शेवटी साच्यांचीच काळजी होती.

मराठी चाचणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हे दुसरं कुणी करणार नाही. जर्मन किंवा इंग्रजी पानं हलली तर ती पाहणारे डोळे हजारो आहेत. ‘दुसऱ्याच्या’, ‘कऱ्हाड’, ‘चतुःसीमा’ असलेलं पान छापून, पट्टी लावून पाहणारे किती आहेत? लिबरऑफिसमध्ये मराठीचा फॉन्ट वेगळ्या खान्यात नेमावा लागतो, इंग्रजीचा वेगळ्या. एका ओळीत ‘गट नं. २१४’ आणि शेजारी इंग्रजी अक्षरं आली की दोन फॉन्टांपैकी जो उंच, त्याची उंची त्या ओळीला मिळते. एवढ्यानेही पान सरकतं. हे मराठी दस्त लिहिणाऱ्यालाच कळतं. संस्थेचं दोष नोंदवण्याचं ठिकाण सगळ्यांना उघडं आहे. मी भाच्याच्या मदतीने तिथे एक नमुना फाइल जोडली होती, नावं बदलून. कुठल्या कुठल्या देशातल्या अनोळखी माणसांनी ती उघडून पाहिली. प्रत्येक टप्प्यावरचं ऑफिस त्यांनी साठवून ठेवलेलं असतं, त्यावरून नेमका कोणत्या बदलात दोष शिरला ते शोधतात. माझ्या फाइलमधला दोष सापडला आणि पुढच्या आवृत्तीत गेला. देवनागरी वाचता न येणाऱ्या माणसाने माझ्या तक्त्यासाठी एवढे कष्ट घेतले. त्याला नमुना देणं तरी आपल्याकडून व्हायला नको का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. वाई हे विश्वकोशाचं गाव, आमच्याकडे त्या दिवशी पेढे वाटले गेले. त्याच महिन्यात राज्यात शंभराच्या मुद्रांकाची जागा पाचशेच्या मुद्रांकाने घेतली. माझ्या दुकानात या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर भेटतात. आता तक्ता फुटला की पाचशे रुपये जातात, आणि ते देणारा माणूस बहुतेक वेळा दिवसभराची मजुरी बुडवून आलेला असतो. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा, यशोवेणू हे फॉन्ट करून मोफत दिले, हे चांगलं काम झालं. त्याच कामाचा पुढचा भाग म्हणून मराठीत तपासलेलं, पाच वर्षं टिकणारं एक ऑफिस तिने हाती घ्यावं, अशी माझी मागणी आहे. नव्या सोयी एकही नकोत.

तोवर माझ्यासारखं काम करणाऱ्यांनी निदान तीन गोष्टी कराव्यात, त्या मी रोज करते. फाइलच्या गुणधर्मांत जाऊन फॉन्ट फाइलमध्येच जोडावा, म्हणजे दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसला तरी अक्षर बदलत नाही. दस्त पुरा झाला की पीडीएफ करताना मूळ ओडीएफ त्यातच जोडण्याची खूण करावी. मग एकाच फाइलमध्ये न हलणारं पानही असतं आणि दुरुस्त करता येणारा मजकूरही. आणि आवृत्ती बदलल्यावर पहिला कागद नेहमी साधा लावावा. अण्णांचा खर्डा होता तो.

माझे एकेचाळीस साचे, नावं, गट नंबर आणि गावं बदलून, मराठी चाचणीसाठी द्यायची माझी तयारी आहे. प्रत्येकाबरोबर २०१६ चा छापील नमुनाही आहे, पान कसं दिसायला हवं ते ताडून पाहायला. मोबदला नको. एखाद्या महाविद्यालयाला, सरकारी संस्थेला किंवा लिनक्सचं काम करणाऱ्या मुलांना ते हवे असतील, तर आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. शनिवारी दुपारनंतर दुकानात गर्दी नसते, तेव्हा कुणी आलं तर मी बसून सगळे समजावून देईन.

कळावे,
आपली वाचक,
एक दस्तलेखिका, वाई (जि. सातारा)
(नाव छापू नये, ही विनंती.)